हात दाखवून सुलक्षण

धामणगाव बढे येथे मोटारसायकलला इंडिकेटर कशाला हवा, असे कुणी विचारले तर तो प्रश्न अगदीच वावगा म्हणता येणार नाही. पुण्या-मुंबईकडे पुढचा माणूस कोण, कुठला आणि कुठे निघाला हे मागच्याला ठाऊक नसते. म्हणून बिचाऱ्याला दिवा लावून सांगावे लागते. आमच्याकडे तशी अडचण नाही. सकाळी आठला मी गाडी बाहेर काढली की गिरणीवाला गिऱ्हाइकाला सांगतो, "डाक्टर चालले दूध आनाले." साडेदहाला काढली की, "डाक्टर चालले ब्यांकेत, पेन्शनीचं पाहाले." मी कोणत्या बाजूला वळणार हे ठरवायला मला थोडा वेळ लागतो, गावाला लागत नाही. एकदा मी नेहमीचे उजवे वळण सोडून डावीकडे गेलो, तर संध्याकाळपर्यंत चार माणसे "घरी कोन आजारी हाय?" म्हणून विचारून गेली. कारण त्या रस्त्याला दवाखाना लागतो.

मी डॉक्टर, पण ढोरांचा. कागदावर आमच्या पदाचे नाव 'पशुधन पर्यवेक्षक'. एवढे नाव उच्चारून होईपर्यंत म्हैस दगावायची, म्हणून लोक सरळ डॉक्टर म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात आणि आसपास माझी सगळी नोकरी झाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे हार-नारळ देऊन मला घरी बसवण्यात आले. गाडीला मात्र अजून कुणी नारळ दिलेला नाही.

गाडी येझदी रोडकिंग, १९८४ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात जन्मलेली. तिथे १९६१ पासून जावा गाड्या निघू लागल्या, पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. 'जावा' म्हणजे ते मसाल्याचे बेट, असे मी पुष्कळ वर्षे लोकांना बोलताना ऐकले आहे. प्रत्यक्षात चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक नावाच्या गृहस्थाने वाँडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांचे सुरुवातीचे तुकडे जोडून 'जावा' केले. लग्नात नवराबायकोची नावे जोडून बंगल्याच्या पाटीवर घालतात, त्यातलाच प्रकार. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या आहेत. दिसायला चांगल्या आहेत. पण नात्याने त्या माझ्या गाडीच्या सख्ख्या नव्हेत, मानलेल्या.

आमच्या गाडीला दोन सायलेन्सर आहेत आणि एकच दांडा आहे. म्हणजे किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. नवख्या माणसाला हे पटत नाही. माझ्या जावयाने पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा तो दोन्ही बाजूंनी फिरून आला आणि नम्रपणे म्हणाला, "बाबा, किक कुठंतरी पडली वाटतं."

या गाडीला लोक 'विंटेज' म्हणतात. ते चुकीचे आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झाल्याशिवाय वाहनाला हा मान मिळत नाही. त्या हिशेबाने तिला २०३४ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत सरकारदरबारी ती प्राचीन नाही, नुसतीच जुनी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिला तपासणीला न्यायचे आणि 'अजून धडधाकट आहे' असा दाखला आणायचा. मीही दर नोव्हेंबरात ब्यांकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. आमचे दोघांचे बरे जमते ते उगीच नाही.

तर इंडिकेटर. गाडीला ते पहिल्यापासून होते आणि पहिली आठ-नऊ वर्षे चांगले चालले. मग एके दिवशी लुकलुकायचे थांबले. बटण दाबले की दिवा लागायचा आणि लागूनच राहायचा. पण तोपर्यंत त्यांची गरजच उरली नव्हती, कारण आमच्या सौभाग्यवतींनी ते खाते स्वतःकडे घेतले होते.

हे नीट समजून घेतले पाहिजे. मोटारसायकल चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या हातात क्लच. त्यात उजवा हात बाहेर काढून दाखवायचा म्हणजे ऐन वळणावर गाडीचा श्वास बंद करण्यासारखे. रिकामे हात असतात ते फक्त मागे बसलेल्या माणसाचे. आमच्याकडे साडी नेसलेली बाई मागे बसते ती एका बाजूला पाय सोडून, डावीकडे तोंड करून. डावीकडे वळायचे असेल तर काम सोपे. डावा हात सरळ पुढे करायचा. उजवीकडे वळायचे असेल तर मात्र उजवा हात स्वतःच्या पाठीमागून गाडीच्या पलीकडे काढावा लागतो. ही कसरत आहे. आमची ही तीसेक वर्षे ती कसरत करत आली, आणि तीही मांडीवर कधी मुलगी, कधी दळणाचा डबा, तर कधी माझी औषधांची पेटी सांभाळून.

तो हात म्हणजे नुसता हात नव्हता. त्यात हुकूम होता. हिरव्या बांगड्यांचा तो हात बाहेर आला की मागचा ट्रक मुकाट्याने हळू व्हायचा. 'हात दाखवा, गाडी थांबवा' असे एस.टी.ने पुढे जाहीर केले. आमच्या घरात ती योजना आधीपासूनच होती. हाताच्या खुणांत भेदही होते. पंजा ताठ असेल तर 'आम्ही वळतोय, थांबा'. पंजा वरखाली हलत असेल तर 'आम्ही वळतोय, पण आमच्या ह्यांचं अजून नक्की नाही'. आणि नुसते मनगट झटकले तर 'काय ते भोंगे वाजवता? या पुढे एकदाचे!'

मोटार वाहन कायद्यात वळण्याच्या खुणेबद्दल कलम आहे. खूण यंत्राने केली तरी चालेल असे त्यात म्हटले आहे. पण ती करायची चालकाने. चालकाच्या बायकोच्या हाताबद्दल कायदा गप्प आहे. एवढ्या शहाण्या माणसांनी बसून केलेला कायदा. तो ज्या विषयावर गप्प बसला त्यावर मीही कधी बोललो नाही.

आणि इतिहास पाहिला तर या खात्यावर बायकांचा हक्कच आहे. मूकपटाच्या काळात अमेरिकेत फ्लॉरेन्स लॉरेन्स नावाची मोठी नटी होती. तिला मोटारीचे वेड. १९१४ च्या सुमारास तिने एक युक्ती काढली. बटण दाबले की मोटारीच्या मागच्या बाजूला एक निशाण वरखाली व्हायचे आणि मागच्याला वळण्याची खूण मिळायची. तिने त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे १९३९ साली ब्यूक कंपनीने आपल्या मोटारींना लुकलुकणारे दिवे बसवले आणि बाईचे नाव मागे पडले. आमच्या घरातही या कामाचे पेटंट कुणी घेतले नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर हिचा उजवा खांदा दुखू लागला. आधी मला वाटले, फराळाच्या पिठाचे मळणे बाधले असेल. मग वेणी घालायला हात मागे जाईना. पाठीवरचा पदर ओढता येईना. डब्याच्या फडताळातला वरचा डबा शेजारणीला काढून द्यावा लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हात हळूच वर-मागे करून पाहिला आणि 'फ्रोझन शोल्डर' असे नाव सांगितले. म्हणजे गोठलेला खांदा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर पुढच्या आकड्यांची चौकशी करतो. अशा मुलखात काही गोठू शकते हेच आम्हाला नवीन होते. डॉक्टर म्हणाले, "बरा होतो, पण वेळ घेतो. वर्ष, कधी दोन वर्षं. व्यायाम सोडायचा नाही. आठवड्यातून दोनदा या." आणि या दुखण्यात कोणत्या हालचाली अगोदर जातात, तेही सांगितले. हात बाहेरच्या बाजूला फिरवणे आणि हात पाठीमागे नेणे.

म्हणजे नेमके उजवे वळण गेले.

ते आम्हाला त्याच संध्याकाळी कळले. मोताळ्यावरून परत येत होतो. उजवीकडच्या फाट्याला वळायचे होते. मी सवयीने गाडी हळू केली. मागे ट्रक होता. त्याच्या भोंग्याने कानठळ्या बसल्या आणि तो आमच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या फाळक्यावरचे 'फिर मिलेंगे' मला चष्म्याशिवाय वाचता आले. मी गाडी बाजूला घेतली. मागे वळून पाहिले तर हिचा हात अर्धाच उचललेला होता, कोपर कमरेशी अडकलेले आणि डोळ्यांत पाणी. ते दुखण्याचे होते की भीतीचे, हे मी विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "चला आता. अंधार पडतोय."

दुसऱ्या दिवशी चहा देताना ती सहज म्हणाली, "परवापासून मी बुलढाण्याला एस.टी.नं जात जाईन. तुम्हाला उगीच त्रास." मला एकदम कसेसेच झाले. चाळीस वर्षांत माझ्या मागची ती जागा इतरांनी अधूनमधून घेतली असेल, पण रिकामी अशी ती मी कधी धरलीच नव्हती. राजूरचा घाट मी एकटा चढतोय आणि मागून कुणी "हळू, हळू" म्हणत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे येईना. मी म्हटले, "एस.टी.नं नको. परवापर्यंत इंडिकेटर दुरुस्त होतो."

"तीस वर्षं झाली नाही तो?"

"तीस वर्षं तुझा हात होता."

मिस्त्री आमच्या चांगल्या परिचयाचा. त्याने बटण इकडे-तिकडे केले, दिव्याकडे पाहिले आणि निदान केले, "डाक्टर, याचा फ्लॅशर गेला."

फ्लॅशर म्हणजे अंगठ्याएवढी एक डबी. जुन्या पद्धतीच्या या डबीत दोन धातूंची पट्टी असते. बटण दाबले की बॅटरीतली वीज त्या डबीतून दिव्यांकडे जाते. जाता जाता पट्टी तापते. तापली की वाकते, वाकली की संपर्क तुटतो आणि दिवे विझतात. विझले की पट्टी थंड होते, सरळ होते, पुन्हा जुळते आणि दिवे लागतात. तापणे, तुटणे, थंड होणे, जुळणे. मिस्त्री हे समजावून सांगत होता तेव्हा मला वाटले, हे आपण कुठेतरी पाहिले आहे. आणि मग लक्षात आले की कुठे. फरक एवढाच की डबीत हे मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा होते. आमच्याकडे फार तर आठवड्यातून दोनदा.

पुढचे त्याने सांगितले ते मात्र माझ्या मनात घर करून बसले. पट्टी तापायची तर एका बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही दिवे जळावे लागतात. दोघे मिळून जेवढी वीज ओढतात, तेवढ्यावरच पट्टीचा हिशेब बसवलेला असतो. "यातला एक उडला न डाक्टर, तं दुसरा लपलप नाही करत. नुसता जळत राह्यते."

मी म्हटले, "बरं, फ्लॅशर बदलून टाक."

इथे खरी गोष्ट सुरू झाली. आमच्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. आताच्या सगळ्या गाड्या बारा व्होल्टच्या. बारा व्होल्टचा फ्लॅशर मलकापूरच्या दुकानात बरणीत गोळ्या ठेवाव्यात तसा ठेवलेला होता. एक आणून लावला. त्याला आमच्या सहा व्होल्टांची पर्वाच वाटेना. बटण दाबले तरी तो ढिम्म. "कायले सहाच्या मांगं लागता?" मिस्त्री म्हणाला. "सारी गाडी बारावर घेऊन टाका." म्हणजे बॅटरी नवी, बल्ब नवे, भोंगा नवा, डायनामोचे काम निराळे. अंगठ्याएवढ्या डबीसाठी सगळा संसार बदलायचा! मग तो म्हणाला, "निदान एलईडी लावू." पण एलईडी वीज इतकी कमी खातो की जुनी पट्टी तापतच नाही. काटकसरी माणसावर कुणाला तापता येत नाही, तसे.

शेवटी पुण्याच्या मुलीला फोन केला. तिने फोनवरच बोट फिरवून सहा व्होल्टचा फ्लॅशर शोधला आणि मागवला. चौथ्या दिवशी पार्सलवाल्या पोराचा फोन आला.

"काका, तुमचं पार्सल आहे. मी धामणगावात उभा आहे. घर कुठं आलं?"

"मारुतीच्या देवळापाशी ये."

"देवळापाशीच आहे."

"मग समोर पिठाची गिरणी दिसते का?"

"गिरणी नाही दिसत. पुढं रेल्वे स्टेशन आहे."

मी खाली बसलो. आमच्या धामणगावाला रेल्वे नाही. आम्हाला गाडी पकडायला मलकापूर गाठावे लागते. रेल्वे आहे ती अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावाला. त्या गावाचे नावच मुळी 'धामणगाव रेल्वे'. आमच्या नावापुढचे 'बढे' पत्त्यातून कुठेतरी गळाले होते आणि माझा फ्लॅशर दोनशेच्या वर किलोमीटर पुढे जाऊन बसला होता. ज्या वस्तूचा जन्मच मुळी 'मी कुठे वळणार' हे सांगण्यासाठी, तिला स्वतःला कुठे वळायचे हे कळू नये! या आठवड्यात दोनदा ही एस.टी.ने बुलढाण्याला गेली. मी थांब्यापर्यंत सोडायला जात असे आणि परत येताना गाडी फारच हलकी लागत असे.

डबी आली त्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानापुढे वीसेक माणसे जमली. गावात काही दुरुस्त व्हायचे असले की प्रेक्षक आपोआप जमतात. डबीला दोन टोके. एकावर 'बी' लिहिलेले, म्हणजे बॅटरीची तार, दुसऱ्यावर 'एल', म्हणजे दिव्यांकडे जाणारी. मिस्त्रीने जुनी डबी काढली, तारांची टोके पॉलिश कागदाने घासली, नवी डबी लावली, रबरात नीट बसवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "दाबा."

मी दाबले. पुढचा दिवा मंद लागला. मागचा लागलाच नाही. लपलप तर नाहीच.

प्रेक्षकांतून सल्ले आले. एकाने बॅटरीत पाणी घाला म्हटले. एकाने नारळ फोडायला सांगितले. मिस्त्री मात्र मागच्या मडगार्डपाशी वाकला, बराच वेळ तार हलवत राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "डाक्टर, अर्थ नाही लागून राह्यला."

मी म्हटले, "चाळीस वर्षं संसार करून मलाही लागला नाही बाबा. तुझं काय?"

तो ज्या 'अर्था'बद्दल बोलत होता तो इंग्रजी. दिव्यात गेलेल्या विजेला गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे यावे लागते. चाळीस पावसाळ्यांचा गंज मध्ये बसला की ती परत येत नाही, आणि नुसती जाणारी, परत न येणारी वीज कोणत्याही दिव्याला पुरत नाही. मिस्त्रीने मडगार्डचा तो कोपरा चकचकीत होईपर्यंत घासला. बोल्ट बदलला. मागचा बल्ब फिरवून घट्ट बसवला.

"दाबा आता."

टिक. टिक. टिक. टिक.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कायद्याने इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. मी घड्याळ काढले, गाडीच्या मागे उकिडवा बसलो आणि मोजू लागलो. लोक हसायला लागले, तेव्हा लक्षात आले की माझी बैठक नेहमीचीच होती. ढोरांची नाडी शेपटीच्या बुडाशी खालून बोट लावून पाहतात. आयुष्यभर मी ती अशीच उकिडवे बसून मोजली. इथेही शेपटीखालीच मोजत होतो. ७६ भरले. निरोगी गाईची नाडी ४८ ते ८४ असते. मी उठून जाहीर केले, "जनावर ठणठणीत आहे."

घरी येऊन हिला दाखवले. ती ओट्यावर बसली, मी गाडी अंगणात उभी करून उजवे, डावे, पुन्हा उजवे असे दाखवले. ती बराच वेळ त्या पिवळ्या दिव्याकडे पाहत राहिली. मला वाटले, आता कौतुक होणार.

"बांगड्या नाहीत त्याला," ती म्हणाली.

पण परवा बुलढाण्याला निघालो तेव्हा ती काही न बोलता मागे बसली. उजवा हात खांद्यापर्यंत येत नाही, म्हणून डाव्या हाताने माझ्या सदऱ्याचे टोक धरले. मोताळा मागे पडले. राजूरचा घाट लागायच्या आधी मला रस्त्यापलीकडच्या पंपावर पेट्रोल घ्यायचे होते. आरशात पाहिले; मागे ट्रक. मी बटण उजवीकडे सरकवले. टिक, टिक, टिक. ट्रक हळू झाला. इतका हळू की मला भरून आले. आम्ही राजासारखे वळलो, पेट्रोल घेतले, ऑइल मिसळले आणि पुन्हा रस्त्याला लागलो.

अर्धा किलोमीटर गेल्यावर पाठीवर टकटक झाली.

"अहो, बंद करा तो. वळून झालं ना?"

टिक, टिक, टिक. दिवा चालूच होता. मागचा मोटारवाला आम्ही कधी वळतो याची वाट पाहत लांब राहिला होता. या यंत्रात हीच एक खोट आहे. वळण्यापूर्वी ते लागते, पण वळून झाले हे त्याला कळत नाही. हात आपला आपण खाली यायचा.

मी बटण बंद केले. तेव्हापासून आमच्यात कामाची नवी वाटणी झाली आहे. दिवा मी लावतो आणि ती विझवायला सांगते. घाट चढेपर्यंत तिने तीनदा टकटक केले. तिसऱ्यांदा तर मी दिवा लावलाच नव्हता.

"आता काय?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "हळू."

डॉक्टर म्हणतात खांद्यात सुधारणा आहे. वर्षभरात हात पहिल्यासारखा मागे जाईल. तसे झाले तर उजवीकडच्या वळणाला दिवाही असेल आणि हातही. मागच्या ट्रकवाल्याला थोडे जास्त वाटेल, पण त्याला इलाज नाही.